आधी ठिपके, मग गॉगल

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार. मी परभणी जिल्ह्यातील एका जिल्हा परिषद शाळेत सहावी ते आठवीच्या वर्गांना गणित आणि विज्ञान शिकवते. नोकरीला बारा वर्षे झाली. मागच्या महिन्यात एका कंपनीने सीएसआर (सामाजिक जबाबदारी) निधीतून शाळेला एक मोठा व्हीआर, म्हणजे आभासी वास्तवाचा, हेडसेट आणि मोबाइल बसवून वापरायचे दहा गॉगल दिले. मोबाइल मात्र दिले नाहीत. मंडळी आली, मुलांना रोलर कोस्टर दाखवला, फोटो काढले आणि गेली. आता आमच्या केंद्रप्रमुखांनी पुढच्या शिक्षण परिषदेत ‘आभासी वास्तव आणि संगणकीय विचार’ यावर मला नमुना पाठ घ्यायला सांगितला आहे. आमचे एक ज्येष्ठ गुरुजी म्हणतात, ही खेळणी आहेत, कपाटात ठेवून द्या. मला स्वतःला प्रोग्रामिंग येत नाही. सातवीचा पट २७ आहे. ही साधने वर्गात खरोखर उपयोगी पडतात का, मुलांना त्यांचा काही अपाय होतो का, आणि संगणकीय विचार म्हणून मी नेमके काय शिकवायचे, हे कृपया सांगावे. – एक शिक्षिका

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातले सर्वांत कामाचे वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेला आहात. मोबाइल दिले नाहीत, हे ते वाक्य. मोबाइल नसलेला गॉगल म्हणजे दोन भिंगे बसवलेला डबा, त्यापलीकडे काही नाही. आणि वर्गात आणायच्या प्रत्येक नव्या साधनाचा विचार अशाच कोरड्या हिशोबापासून सुरू व्हावा, असे मला पस्तीस वर्षांच्या शिक्षकीनंतर वाटते. म्हणून आधी साधनांचा हिशोब करू, मग त्यांच्या उपयोगाकडे वळू. संगणकीय विचाराला मी सर्वांत जास्त जागा देणार आहे, कारण त्यासाठी या साधनांची वाट पाहण्याची गरजच नाही.

गॉगलमध्ये बसवायच्या मोबाइलमध्ये जायरोस्कोप नावाचा संवेदक असावा लागतो. मान वळवली की समोरचे दृश्य वळते, ते या संवेदकामुळे. स्वस्तातल्या अनेक मोबाइलमध्ये तो नसतो. कोणताही ३६० अंशांचा व्हिडिओ लावा आणि मोबाइल हातात धरून स्वतःभोवती फिरा. दृश्य आपोआप फिरले तर मोबाइल चालेल. बोटाने सरकवावे लागले तर तो मोबाइल बाजूला ठेवा. सहकाऱ्यांचे आणि शाळा व्यवस्थापन समितीतील पालकांचे मोबाइल असे तपासून तीन जरी मिळाले, तरी तुमच्याकडे एकूण चार साधने झाली. आता वेळ पाहा. प्रत्येक मुलाला पाच मिनिटे पाहायला आणि दोन मिनिटे अदलाबदलीला धरली, तर एकट्या मोठ्या हेडसेटवर २७ मुलांना १८९ मिनिटे लागतात, म्हणजे जवळजवळ पाच तासिका. चार साधनांवर सात फेऱ्या होतात आणि ४९ मिनिटे लागतात. हे जोडतासिकेत बसते. मात्र या काळात उरलेल्या तेवीस मुलांच्या हाताला त्याच पाठातले दुसरे काम असले पाहिजे. ते नसेल तर वर्गाचा बाजार होतो, आणि मग गुरुजींचे म्हणणे खरे ठरायला वेळ लागत नाही.

गुरुजींना उडवून लावू नका, अशी माझी विनंती आहे. धूळ खात पडलेले प्रोजेक्टर आणि टॅब त्यांनी पाहिले असणार. शिवाय त्यांच्या बाजूने बोलणारे संशोधनही आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा येथील पॅरोंग आणि मेयर यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या एका गटाला शरीरातील पेशींचा पाठ व्हीआरमधून दिला आणि दुसऱ्या गटाला तोच मजकूर साध्या स्लाइडमधून दिला. व्हीआरचा गट अधिक रंगला, त्याला पाठ अधिक आवडला. चाचणीत मात्र स्लाइडवाले पुढे राहिले. त्याच अभ्यासाचा पुढचा भाग तुमच्या जास्त उपयोगाचा आहे. व्हीआरचा पाठ तुकड्यातुकड्यांनी थांबवून प्रत्येक तुकड्यानंतर विद्यार्थ्यांना पाहिलेल्या गोष्टींचा सारांश लिहायला लावला, तेव्हा त्यांचे शिकणे नुसता व्हीआर पाहणाऱ्यांपेक्षा सुधारले. पुढच्याच वर्षी मक्रान्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांना विज्ञानाच्या आभासी प्रयोगशाळेबाबतही असेच आढळले: हेडसेट लावल्याने आपण प्रत्यक्ष तिथे असल्याची जाणीव वाढली, पण शिकणे कमी झाले. हे विद्यार्थी मोठे होते, तुमची मुले बारा-तेरा वर्षांची आहेत, त्यामुळे निष्कर्ष जसेच्या तसे उचलू नयेत. तरी वर्गात उभे राहून ज्याने शिकवले आहे त्याला यात आश्चर्य वाटू नये. डोळे दिपले म्हणजे डोके चालू लागले असे होत नाही. गॉगल काढल्याबरोबर वही उघडली पाहिजे, आणि त्या वहीसाठी प्रश्न तुम्ही आदल्या दिवशीच तयार केलेला असला पाहिजे.

मग हेडसेट कोणत्या पाठाला लावायचा? स्टॅनफर्ड विद्यापीठातील जेरेमी बेलेन्सन यांनी व्हीआरच्या वापरासाठी चार कसोट्या सांगितल्या आहेत. जी गोष्ट प्रत्यक्षात करणे धोक्याचे आहे, जी प्रत्यक्षात अशक्य आहे, जी प्रत्यक्षात केल्यास उलटे परिणाम होतील किंवा जिचा खर्च परवडणारा नाही, तिच्यासाठी व्हीआर वापरावा. इतर गोष्टी खऱ्या जगात कराव्यात. तुमच्या पुस्तकाला ही चाळणी लावून पाहा. बीज अंकुरण्यासाठी व्हीआर लावणे म्हणजे घरात मटकी भिजत असताना मोड कसे येतात याचा चित्रपट पाहण्यासारखे आहे. चंद्राच्या कला बॅटरीच्या उजेडात फिरणाऱ्या चेंडूने जितक्या कळतात तितक्या कशानेही कळत नाहीत. ग्रहांमधली अंतरे, हृदयाचे कप्पे आतून, ज्वालामुखीचे मुख यांच्यासाठी मात्र गॉगल लावावा. लोणार तर तुम्हाला सहलीच्या अंतरावर आहे. तिथे मुलांना एसटीनेच न्या. काठावर उभे राहून वारा खाण्याला पर्याय नाही. पण सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे ते विवर काठावरून गोल दिसत नाही, नुसते प्रचंड दिसते. त्याचा गोलपणा, आणि म्हणून ते उल्कापाताने झाले असावे ही शंका, वरून पाहिल्यावरच मनात येते. सहलीच्या आदल्या आठवड्यात हेच दृश्य वरून दाखवून ‘काठावरून हे कसे दिसेल, त्याचे चित्र काढा’ असे सांगितले, आणि परत आल्यावर दोन्ही चित्रे शेजारी ठेवली, तर त्या पाच मिनिटांचे चीज होईल.

आवाजाबद्दल एक गोष्ट जाता जाता सांगतो. बहुतेक तयार चित्रफितींचे निवेदन इंग्रजीत असते आणि तेही अशा वेगाने की तुमचे-माझे कानही मागे पडतात. आवाज सरळ बंद करा आणि मूल पाहत असताना शेजारी उभे राहून तुम्ही बोला. ‘आता डावीकडे बघ, खाली काय आहे, किती दिसतात ते मोज’ हे तुमच्या आवाजात, तुमच्या बोलीत झाले म्हणजे तो पाठ तुमचा होतो.

अपायाचा प्रश्न तुम्ही योग्य वेळी विचारला आहे. रोलर कोस्टरपासून सुरुवात करणे ही या क्षेत्रातली नेहमीची चूक आहे आणि ती मीही केली आहे. काही वर्षांपूर्वी एका शाळेत मी मोठ्या उत्साहाने सातवीच्या मुलांना असाच उंच झोक्याचा व्हिडिओ दाखवला. तिसऱ्या क्रमांकाची मुलगी दोन मिनिटांत पांढरी पडली आणि तिला तिथेच ओकारी झाली. वर्ग हसला. ती मुलगी नंतरच्या दोन महिन्यांत कोणत्याही प्रयोगासाठी पुढे आली नाही, आणि तिला प्रवासात गाडी लागते हे तिच्या मैत्रिणींना ठाऊक होते. मला विचारायचे सुचले नव्हते. डोळे सांगतात आपण कोसळतो आहोत, कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो आपण स्टुलावर बसलो आहोत, आणि या भांडणात पोट ढवळते. म्हणून ज्यांना एसटीत गाडी लागते, ज्यांना फिट येतात, ज्यांचे डोके वारंवार दुखते किंवा डोळ्यांत तिरळेपणा आहे, अशा मुलांची आधी पालकांकडून माहिती घ्या आणि त्यांना वेगळे काम द्या. ते काम कमी प्रतीचे वाटणार नाही याची काळजी घ्या. कॅमेरा एका जागी स्थिर असलेलीच दृश्ये निवडा. मूल बसलेले असावे, त्याच्या हाताच्या टप्प्यात बाक किंवा खिडकीचा कोपरा नसावा आणि ‘पुरे’ म्हणताच गॉगल निघावा.

डोळ्यांचे म्हणाल तर गॉगलच्या भिंगांमुळे चित्र एका ठरावीक अंतरावर असल्यासारखे दिसते, पण त्यातल्या वस्तू जवळ-दूर भासतात. त्यामुळे डोळ्यांना एकाच वेळी दोन परस्परविरोधी कामे करावी लागतात आणि ते थकतात. शिवाय लहान मुलांच्या दोन डोळ्यांमधले अंतर मोठ्यांपेक्षा कमी असते आणि बहुतेक साधने मोठ्यांच्या मापाने बनवलेली असतात. कंपन्यांनी स्वतः वयाच्या मर्यादा घातल्या आहेत. सोनीने आपल्या हेडसेटसाठी १२ वर्षे ठरवली. मेटाने क्वेस्टसाठी आधी १३ वर्षे ठेवली होती, ती २०२३ मध्ये पालकांच्या नियंत्रणाखालील खात्यासाठी १० वर आणली. तुमच्या मोठ्या हेडसेटसोबत आलेल्या पुस्तिकेत काय लिहिले आहे ते वाचा आणि तेच पाळा. एका बैठकीत पाच मिनिटे, आठवड्यातून एकदा, हा माझा स्वतःचा नियम आहे. तो थोडा कडक आहे, पण त्याने मला कधी अडचणीत आणले नाही.

स्वच्छतेची गोष्ट परिषदेत कोणी काढणार नाही, म्हणून इथे लिहितो. एकच पट्टा सत्तावीस डोक्यांवरून फिरला की उवाही फिरतात. प्रत्येकाने डोक्याला आपला रुमाल बांधावा. गावात डोळे येण्याची साथ असेल त्या आठवड्यात गॉगल बाहेर काढूच नका. कपाळ टेकते तो भाग पुसा, पण भिंगाला सॅनिटायझर लावू नका. तिथे कोरडे मऊ फडकेच वापरा. आणि हेडसेट भिंगे वर करून खिडकीत ठेवू नका. आपण लहानपणी भिंगाने कागद जाळत होतो तसेच ऊन त्या भिंगांतून आतल्या पडद्यावर गोळा होते आणि पडदा कायमचा डागाळतो. सामान आलेच आहे तर डेडस्टॉकला, म्हणजे शाळेच्या सामानाच्या नोंदवहीत, नोंद झाली का, तेही पाहून घ्या.

आता संगणकीय विचार. हे नाव जड आहे आणि त्यामुळे अनेक शिक्षक विनाकारण बिचकतात. गणितज्ञ आणि शिक्षणतज्ज्ञ सेमूर पेपर्ट यांनी हा शब्दप्रयोग १९८० मध्ये वापरला होता, आणि २००६ मध्ये संगणकशास्त्रज्ञ जेनेट विंग यांच्या एका लेखानंतर तो जगभरच्या शिक्षणव्यवहारात रुळला. आपल्या २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही त्याचा उल्लेख आहे आणि कोडिंगचे उपक्रम उच्च प्राथमिक टप्प्यावर सुरू करण्याचे सुचवले आहे. अर्थ असा की, मोठ्या प्रश्नाचे लहान तुकडे करावेत, त्यांत पुन्हा पुन्हा येणारी गोष्ट ओळखावी, कामापुरते ठेवून बाकीचे सोडून द्यावे, आणि उरलेले काम अशा पायऱ्यांत सांगावे की ज्याला काहीच कळत नाही त्यालाही ते करता यावे. संगणकाला काहीच कळत नाही, म्हणून त्याला सांगताना ही शिस्त लागते. शिस्त मुलाच्या डोक्यात यायची आहे. संगणक असला तर उत्तम, नसला तरी अडत नाही. न्यूझीलंडमधील कँटरबरी विद्यापीठाचे टिम बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकाशिवाय संगणकशास्त्र शिकवण्याचे उपक्रम १९९० च्या दशकापासून विकसित केले, आणि ते जगभर वापरले जातात.

या विषयाच्या प्रशिक्षणांत ‘चहा करण्याची कृती लिहा’ हे उदाहरण इतके घासले गेले आहे की त्याचा चहा आता पिववत नाही. त्याऐवजी ठिपक्यांची रांगोळी घ्या. रांगोळीच्या पुस्तकात ‘११ ते ६, मधले ठिपके’ एवढेच लिहिलेले असते आणि तुमच्या वर्गातल्या निम्म्या मुली ते वाचून न चुकता ठिपके मांडतात. त्या मोजक्या शब्दांत काय दडले आहे ते फळ्यावर उलगडा. मधल्या ओळीत ११ ठिपके. तिच्या वरच्या आणि खालच्या ओळीत प्रत्येकी एक कमी, आणि तो आधीच्या दोन ठिपक्यांच्या मधोमध. असे ६ येईपर्यंत करत राहा. ‘प्रत्येक ओळीत एक कमी, ६ येईपर्यंत’ यालाच प्रोग्रामिंग करणारे लोक लूप म्हणतात, आणि ‘६ येईपर्यंत’ ही तो थांबवायची अट आहे.

आता एका मुलाला फळ्याकडे पाठ करून उभे करा आणि दुसऱ्याला फक्त बोलून त्याच्याकडून कागदावर ही रांगोळी मांडून घ्यायला सांगा. नियम एकच: मांडणाऱ्याने स्वतःची अक्कल वापरायची नाही, सांगितले तेवढेच करायचे. पहिल्या प्रयत्नात ‘मधोमध’ हा शब्द हमखास राहून जातो आणि ठिपके एकाखाली एक येतात. वर्ग हसेल, या हसण्यात कोणी दुखावला जात नाही. मग चूक मांडणाऱ्याची की सांगणाऱ्याची, हा प्रश्न विचारा. सूचनेतली चूक शोधून ती पुन्हा लिहिणे हा संगणकीय विचारातला सर्वांत मोलाचा भाग आहे, आणि माझ्या मते आपल्या वर्गांत सर्वांत दुर्मीळही तोच आहे. आपल्याकडे उत्तर चुकले की लाल फुली पडते आणि पान उलटले जाते. शेवटी एकूण ठिपके न मोजता काढायला लावा. ११ अधिक दोन वेळा १०, ९, ८, ७, ६ यांची बेरीज, म्हणजे ११ अधिक ८०, म्हणजे ९१. ‘११ ते १’ अशी मांडणी केली तर? तेव्हा १२१ येतात, म्हणजे अकराचा वर्ग. हा योगायोग आहे की असे नेहमीच होते, हे ५ ते १ आणि ७ ते १ मांडून मुलांना स्वतः शोधू द्या. तुमची अर्धी तासिका बीजगणितात जाईल आणि ती वाया गेली असे कोणीही म्हणणार नाही.

दुसरा खेळ मराठीच्या शिक्षकांना सोबत घेऊन करता येईल. चुटकी म्हणजे लघु, टाळी म्हणजे गुरू. तीन ठोक्यांत चुटक्या आणि टाळ्या किती वेगवेगळ्या प्रकारे येतील? मुले आधी गोंधळून पाच-सहा सांगतात, नंतर क्रमाने मांडू लागतात आणि आठवर पोहोचतात. हेच वृत्तांचे आठ गण. मग फळ्यावर ‘यमाताराजभानसलगा’ लिहा आणि पहिल्या तीन अक्षरांपासून सुरू करून एकेक अक्षर पुढे सरकत तीन-तीन अक्षरे वाचायला सांगा: यमाता, मातारा, ताराज, राजभा, जभान, भानस, नसल, सलगा. आठही गण एकेकदा येतात, एकही दोनदा येत नाही आणि एकही सुटत नाही. दहा अक्षरांत आठ गण कोंबणाऱ्याने केवढी काटकसर केली आहे, हे मुलांना स्वतः लिहून पाहू द्या. दोनच खुणांनी सगळे काही लिहिण्याची संगणकाची रीत समजावून सांगायला याहून जवळचे उदाहरण मला ठाऊक नाही.

तयार प्रश्न हवे असतील तर ‘बेब्रास’ या संगणकीय विचाराच्या स्पर्धेचे जुने प्रश्न शोधा. ती २००४ मध्ये लिथुआनियात सुरू झाली. भारतात ती एसीएम इंडिया या संगणकशास्त्राच्या संघटनेच्या ‘सीएसपाठशाला’ या उपक्रमातर्फे होते आणि तिचे प्रश्न मराठीतही असतात. तीन-चार मिनिटांत सुटणारी चित्रमय कोडी असल्यामुळे परिपाठानंतर रोज एक सहज घेता येईल.

राहिला प्रश्न दोन्ही गोष्टी एकत्र आणण्याचा. परिषदेच्या विषयात त्या ‘आणि’ने जोडल्या आहेत म्हणून पहिल्या दिवसापासून जोडू नका. आधी दोन महिने नुसते ठिपके आणि टाळ्या चालू द्या. त्यानंतर मुलांनी व्हीआर पाहण्याऐवजी तयार करावे, अशी एक कल्पना तुमच्याच जिल्ह्यातून सुचते. सेलू तालुक्यातील वालूरची चक्राकार बारव तुम्ही पाहिली असेल. गोल फिरत पाण्याकडे उतरणाऱ्या तिच्या पायऱ्या म्हणजे दगडात कोरलेला लूपच आहे. पुढे जा, पायरी ठेव, थोडे वळ, थोडे खाली उतर, आणि हेच पुन्हा. पेपर्ट यांच्या लोगो या मुलांसाठीच्या प्रोग्रामिंग भाषेतले कासव, म्हणजे पडद्यावर रेघ ओढत चालणारा एक त्रिकोण, याच प्रकारच्या आज्ञांवर चालत असे.

वर्गात हे काड्यापेट्यांनी करा. पुठ्ठ्यावर वर्तुळ काढून कोनमापकाने दर ३० अंशांवर खूण करा; १२ खुणांत एक फेरा पूर्ण होतो. पहिल्या खुणेवर एक काडीपेटी, दुसऱ्या खुणेवर दोन, असे बाराव्या खुणेपर्यंत रचले की गोल जिना उभा राहतो आणि एकूण ७८ काड्यापेट्या लागतात. हा आकडा मुलांनी दुकानात जाण्यापूर्वी काढावा, नंतर नाही. मग आज्ञा मोडून पाहा. ‘वळ’ ही आज्ञा गाळली तर साधा सरळ जिना होतो. ‘उतर’ गाळली तर सपाट गोल ओटा होतो. ‘पुढे जा’ गाळली तर सगळ्या पायऱ्या एकाच जागी साचून खांब उभा राहतो. तीन चुका आणि तीन निराळे आकार. कोणती आज्ञा राहिली हे नुसता आकार पाहून ओळखायचे. हा तास मी स्वतः दोन वेळा घेतला आहे आणि दोन्ही वेळा घंटा झालेली मुलांच्या लक्षात आली नव्हती.

शाळेत चालू स्थितीतला एक संगणक असेल तर पुढची पायरी घेता येते. फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाच्या चमूने २०१५ मध्ये आणलेले ए-फ्रेम नावाचे साधन मोफत आहे. ते ब्राउझरमध्ये चालते आणि त्यात ठोकळे ठेवून त्रिमितीय देखावा उभारता येतो. तो ब्राउझरमधून हेडसेटमध्ये शिरूनही पाहता येतो. तुम्हाला प्रोग्रामिंग येत नाही, हरकत नाही. अभियांत्रिकीला गेलेला शाळेचा एखादा माजी विद्यार्थी सुट्टीत गावी आला की तीस-चाळीस ओळींत बारा पायऱ्यांचा जिना लिहून देईल. मुलांनी फक्त आकडे बदलायचे. ३० अंशांचे १५ केले तर फेऱ्यात पायऱ्या किती? प्रत्येक पायरी २० सेंटीमीटर खाली गेली तर २४ पायऱ्यांनंतर आपण किती खोल? ४.८ मीटर, हे उत्तर वहीत काढून झाले की मग गॉगल लावून त्या तळाशी उभे राहायचे आणि मान वर करून पाहायचे. आपणच मांडलेल्या आकड्यांच्या तळाशी उभे राहणे हा अनुभव कागद देऊ शकत नाही, म्हणून तिथे हेडसेटला जागा आहे. प्रत्यक्ष बारवेला मुलांना नेणार असाल तर दहा मुलांमागे एक मोठे माणूस ठेवा आणि मापे वरच्या टप्प्यातच घ्या.

एका कंपनीच्या एकाच ॲपवर पूर्ण वर्षाचे नियोजन बेतू नका. २०१४ मध्ये पुठ्ठ्याचा गॉगल आणून व्हीआर शाळाशाळांत पोहोचवणाऱ्या गूगलने २०२१ मध्ये त्या गॉगलची विक्री थांबवली आणि त्याच वर्षी शाळांसाठीचे ‘एक्स्पिडिशन्स’ हे ॲपही बंद केले. ज्या शिक्षकांची सगळी पाठ-टाचणे त्या ॲपवर होती, त्यांना पुन्हा पाटी कोरी करावी लागली. काड्यापेट्या अशा एका रात्रीत बंद होत नाहीत.

शिक्षण परिषदेत तुमच्या हाती चाळीसेक मिनिटे असतील असे धरतो. त्यात गॉगल फिरवत बसू नका. चाळीस शिक्षकांच्या रांगेत सगळा वेळ संपेल आणि फोटोंशिवाय हाती काही लागणार नाही. दोन शिक्षकांना पाठीला पाठ लावून बसवा आणि ‘११ ते ६’ मांडायला लावा. आपली सूचना किती अर्धवट असते हे मोठ्या माणसांना कळते तेव्हा सभागृहात जी शांतता पसरते, ती अनुभवण्यासारखी असते. त्यानंतर दहा मिनिटे काड्यापेट्यांचा जिना करा. शेवटच्या पाच मिनिटांत हेडसेटचा हिशोब स्पष्ट मांडा: २७ मुले, चार साधने, सात फेऱ्या, ४९ मिनिटे. त्या हिशोबाला जोडूनच, जायरोस्कोप असलेले आणखी चार मोबाइल मिळावेत अशी लेखी मागणी केंद्रप्रमुखांमार्फत त्या कंपनीकडे पाठवा. देणाऱ्यांना काय कमी पडले हे कोणी सांगत नाही, म्हणून पुढच्या वर्षी ते पुन्हा गॉगलच देतात. ज्येष्ठ गुरुजींना वर्गात गटाचे काम पाहायला बोलवा. सत्तावीसांपैकी तेवीस मुले काय करत आहेत याकडे त्यांच्याइतके बारीक लक्ष दुसऱ्या कोणाचे असणार नाही.

मोठ्या हेडसेटची बॅटरी दिवाळीच्या सुट्टीआधी निम्मी भरून ठेवा. पूर्ण रिकामी ठेवली तर उघडताना तो सुरू न होण्याची शक्यता असते. आणि कपाटाची किल्ली कोणाकडे आहे, हे निदान दोघांना माहीत असू द्या.